सशाच्या ताटात चोथ्याला मान

युरोपातल्या ससेपालन केंद्रात सशापुढे गाजर ठेवलेले दिसत नाही. पिंजऱ्याला अडकवलेल्या पत्र्याच्या गव्हाणीत असतात तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, सेंटिमीटरभर लांबीच्या हिरवट-तपकिरी कांड्या. एक बोटांत धरून चुरडली तर वाळलेल्या लसूणघासाचा वास येतो. पण त्या कांडीत एकटा लसूणघास नसतो. साखर कारखान्यातून आलेला बीटचा चोथा, पिठाच्या गिरणीतला गव्हाचा कोंडा, तेल काढून उरलेली सूर्यफुलाची पेंड, थोडी बार्ली आणि कांडी फुटू नये म्हणून घातलेली मळी असा तो सगळा मेळ असतो. म्हणजे इतर उद्योगांनी बाजूला सारलेल्या मालावरच सशाचा धंदा बऱ्याच अंशी उभा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसाचे रेशन सुरू झाले, तेव्हा परसात ससे पाळणाऱ्यांनी ससेपालकांच्या मंडळात नाव नोंदवले की त्यांना कोंडा मिळायचा. बाकीची सोय रस्त्याकडेचे तण आणि भाजीची देठे यांवर. तेव्हा सशाला ‘पर्यायी खाद्य’ घालण्यात नवे असे काही नाही. नवी आहे ती निकड. ससेपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण 60 ते 70 टक्के असतो. सोयाबीन पेंड युरोपला समुद्रापलीकडून आणावी लागते आणि लसूणघास यंत्रावर वाळवायला इंधन जाळावे लागते. म्हणून वैरणीच्या यादीत नवनवी नावे येतात: शेवगा, तुती, द्राक्षाचा चोथा, अगदी माशीच्या अळ्यासुद्धा. यातले काय चालेल आणि काय अंगावर येईल, हे समजायचे तर आधी सशाच्या पोटात डोकवावे लागते.

गायीच्या पोटातला चारा आंबवण्याचा कोठा अगदी सुरुवातीला असतो. सशाचा तो पार मागे. लहान आतडे संपते तिथे अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी सुमारे 40 टक्के एकट्या या पिशवीत मावतो. खरी गंमत तिच्या पुढच्या वळणावर आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच मालाची छाननी होते. जाडेभरडे तंतू पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कोरड्या, गोल लेंड्या होऊन पडतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट दिशेने परत अंधांत्रात जाते, तिथल्या जिवाणूंच्या हवाली होते. तिथे आंबून तयार झालेला लगदा नंतर मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर येतो. ससा मान वाकवतो, गोळ्या थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यातही हा घास सहसा खाली पडत नाही, त्यामुळे रोज ससे सांभाळणाऱ्यालाही तो क्वचितच दिसतो. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने 1882 मध्ये या सवयीचे वर्णन लिहून ठेवले.

ऐकायला किळसवाणे वाटेल, पण सशाची निम्मी हुशारी यात आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ससेपालनावरील पुस्तकात दोन्ही प्रकारच्या विष्ठेचे पृथक्करण दिले आहे. पाण्याचा अंश वगळला तर कोरड्या लेंडीत प्रथिने 13 टक्क्यांच्या आसपास, तर मऊ गोळीत जवळजवळ 30 टक्के. वर ब गटातली जीवनसत्त्वे फुकट.

या व्यवस्थेचा खाद्याच्या दृष्टीने अर्थ काय? तंतू पोटात फार काळ थांबतच नाहीत, त्यामुळे ससा त्यांतून ऊर्जा फारशी काढू शकत नाही. त्या बाबतीत गाय त्याच्या कितीतरी पुढे. पाल्यातली प्रथिने मात्र तो झकास पचवतो. लसूणघासातल्या प्रथिनांपैकी जवळपास तीन चतुर्थांश त्याच्या अंगी लागतात. अमेरिकेत ओरेगन राज्य विद्यापीठात पीटर चीक यांनी सशाच्या आहारावर दीर्घकाळ काम केले. उष्ण प्रदेशातल्या पाल्यावर आणि झाडोऱ्यावर ससा चांगला पोसता येतो, ही त्यांची मांडणी याच गुणावर उभी आहे.

मग पचत नाहीत ते तंतू द्यायचे कशाला? आतडे हलते राहावे म्हणून. तंतू कमी आणि पिष्ट जास्त झाले की आतला माल रेंगाळतो, न पचलेले पिष्ट अंधांत्रात उतरते आणि तिथे नको ते जिवाणू माजून विष तयार करतात. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. पोटात गेले ते गेले. उरलेला भात, पोळीचे तुकडे, मूठभर जास्तीचा मका असा लाड करणाऱ्या घरी पिल्ले हगवणीने जातात, ती यामुळेच. तयार खाद्यात कच्चे तंतू किमान 14 ते 16 टक्के ठेवण्याचा दंडक आहे, आणि नुकती दूध तुटलेली पिल्ले असतील तर त्याहून थोडे वरच बरे.

हा धडा युरोपला फार महागात शिकावा लागला. 1996 च्या अखेरीस फ्रान्सच्या पश्चिम भागातल्या ससेपालन केंद्रांत एक विचित्र साथ सुरू झाली. पाच-आठ आठवड्यांची पिल्ले खाणे सोडत, पोट टम्म फुगे, उचलून हलवले तर आत पाणी डचमळल्याचा आवाज येई. मग पातळ हगवण, कधी शेंबडासारखा स्राव आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. काही वर्षांत हा रोग स्पेन, इटलीसह ससे पाळणाऱ्या बहुतेक युरोपीय देशांत पोहोचला. संशोधकांनी कितीतरी जिवाणू तपासले, पण याला नेमका गुन्हेगार कोण हे पक्के ठरले नाही. प्रतिजैविकांनी साथ आटोक्यात राहात होती. पण वजनवाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने 2006 पासून बंदी आणली, औषधांचा एकूण वापरही कमी करण्याचा रेटा वाढला, आणि मग सगळ्यांचे लक्ष गव्हाणीकडे गेले.

इथे बीटच्या चोथ्याने बाजी मारली. माद्रिदच्या तांत्रिक विद्यापीठातील आहारतज्ज्ञांनी तंतूंतही प्रकार असतात यावर बोट ठेवले. लाकडासारखे चिवट तंतू आतडे हलते ठेवतात. बीट किंवा सफरचंदाच्या चोथ्यातले पेक्टिनयुक्त, पाण्यात विरघळणारे तंतू वेगळेच काम करतात: अंधांत्रातल्या उपयोगी जिवाणूंना खाद्य पुरवतात आणि आतड्याचे अस्तर सुधारतात. खाद्यात या दुसऱ्या प्रकारचे प्रमाण वाढवले तेव्हा साथीच्या काळातही मरतूक घटल्याचे प्रयोगांत दिसले. भरताड म्हणून घातला जाणारा कारखान्याचा चोथा पिल्ले वाचवणारा घटक ठरला. महाराष्ट्रातही साखर कारखान्यांची वाण नाही, पण इथला चोथा उसाचा. त्यात चिवट लिग्निन भरपूर आणि पेक्टिन जवळजवळ नाही. नाव चोथ्याचेच असले तरी बगॅस बीटची जागा घेऊ शकत नाही.

प्रथिनांच्या बाजूने सोयाबीनला पर्याय शोधणे त्या मानाने सोपे निघाले. चेक प्रजासत्ताकात सोया पेंड काढून पांढऱ्या ल्युपिन या कडधान्याच्या बिया घातल्या, तर वाढत्या पिल्लांना आणि दूध पाजणाऱ्या माद्यांनाही काही बाधा झाली नाही. इटलीत तुरिनच्या संशोधकांनी सोयाबीन तेलाऐवजी काळी सैनिक माशी आणि पिठातला किडा यांच्या अळ्यांची चरबी वापरून पाहिली. त्यांचा 2019 चा निष्कर्ष असा की वाढीत फरक पडला नाही. शुद्ध शाकाहारी प्राण्याला अळीची चरबी घालावी का, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येणारच. सशाने तो उपस्थित केला नाही.

उष्ण प्रदेशात कारखान्यापेक्षा बांध आणि ओढा जास्त कामी येतो. व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या खोऱ्यात शेतकरी पॅरा गवत, पाण्यात वाढणारी नाळीची भाजी, रताळ्याचे वेल आणि बाजारात टाकून दिलेली कोबी-फ्लॉवरची पाने यांवर ससे वाढवतात. अडचण पाण्याची. नाळीच्या भाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे ढीगभर खाऊनही पोटात कोरडा माल थोडाच जातो आणि वजन रखडते. पाला सुकवून, निदान अर्धा दिवस सावलीत कोमेजू देऊन घालायचा तो म्हणूनच.

नायजेरिया, घाना इथे शेवग्यावर बरेच प्रयोग झाले आहेत. वाळलेल्या शेवग्याच्या पानांत प्रथिने 25 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पेंडीच्या जवळ जाणारी. पण त्यांत तंतू कमी. शेवग्याचा पाला पेंडीचा हिस्सा कमी करू शकतो, गवताची जागा घेऊ शकत नाही, आणि उत्साही मंडळींचा घोटाळा नेमका इथे होतो. तुतीच्या पाल्यालाही हेच लागू. ससे तुतीवर तुटून पडतात, म्हणून तर हात आखडता ठेवावा लागतो.

सुबाभळीची गोष्ट अधिक रंजक आहे आणि तिचे एक टोक पुणे जिल्ह्यात आहे. मणिभाई देसाई यांच्या उरळीकांचनच्या बायफ संस्थेने 1970 च्या दशकात हे मेक्सिकोकडचे झाड चाऱ्यासाठी लावायला शेतकऱ्यांना शिकवले. पाला प्रथिनांनी भरलेला, झाड काटक. मात्र त्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. ते जास्त गेले की केस गळतात, वाढ खुंटते. मिमोसिनचा हा गुण इतका पक्का की ऑस्ट्रेलियात मेंढीची लोकर कात्रीविना उतरवण्यासाठी त्याचा वापर करून पाहिला गेला. ऑस्ट्रेलियातली गुरे सुबाभूळ खाऊन आजारी पडत, हवाईतली जनावरे मात्र खुशाल चरत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात नेले आणि तिथल्या जनावरांना दिले. विष पचू लागले. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचेच नाव मिळाले.

सशाला मात्र या शोधाचा लाभ नाही. रवंथ करणाऱ्यांच्या पोटात हे जिवाणू आतड्याच्या आधीच विष फोडतात. सशाचे जिवाणू आतड्याच्या शेवटी बसलेले, तोवर मिमोसिन रक्तात गेलेले असते. पाला वाळवला, तापवला तर त्याचे प्रमाण घटते, तरीही रोजच्या खाद्यात सुबाभळीचा वाटा थोडाच ठेवावा लागतो. लोकरीसाठी अंगोरा ससे पाळणाऱ्याने तर तिच्या वाटेला न गेलेले बरे.

पर्यायी मालातला सर्वांत मोठा धोका मात्र झाडाचा नसून साठवणीचा असतो. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि शोध घेताना माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत लागला. पेंडीला लागलेल्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले ते त्यानंतर. या विषाला सर्वाधिक बळी पडणाऱ्या प्राण्यांत ससा अगदी वरच्या क्रमांकावर आहे. शरीराच्या वजनाच्या किलोमागे मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी मात्राही त्याला मारू शकते. महाराष्ट्रात भुईमुगाचा पाला आणि पेंड सहज मिळते, स्वस्तही पडते. पण पावसाळी हवेत ओलसर कोपऱ्यात ठेवलेले पेंडीचे पोते गाय एक वेळ निभावून नेईल, ससा नेणार नाही. खवट, कुबट वास आला, ढेकळे फोडल्यावर हिरवट बुरशी दिसली तर ते पोते उकिरड्यावरच जावे.

बाकी इथल्या परसात सशाला चालेल असे पुष्कळ आहे: तुरीची चुनी, हरभऱ्याची टरफले, गव्हाचा कोंडा, हादग्याचा आणि शेवग्याचा पाला, रताळ्याचे वेल, घरचा लसूणघास. नाशिककडच्या वाइनरीतून निघणारा द्राक्षाचा चोथाही. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत तो तंतूंचा स्रोत म्हणून वापरतात. मात्र त्यातली प्रथिने टॅनिनने बांधलेली असतात, त्यामुळे पिशवीवरचा प्रथिनांचा आकडा बघून त्यावर भिस्त ठेवू नये. बटाट्याचे कोंब, कांदा आणि ॲव्होकाडोची पाने मात्र गव्हाणीच्या आसपासही नकोत.

हे सगळे भरडून मिसळले आणि भुकटीच्या रूपात पुढे ठेवले, तर बहुतेक ससे तोंड फिरवतात. खाल्लेच तर भुकटी नाकात जाऊन शिंकत बसतात. म्हणून कांडी हवी आणि कांडीसाठी यंत्र हवे. दहा-वीस माद्यांच्या पालकाला ते परवडत नाही. त्याने पाला आणि गवत वाळवून तसेच जाळीच्या कप्प्यात खोचावे, चुनी-कोंडा मळीच्या पाण्याने किंचित ओलसर करून लहान गोळे करावेत आणि उरलेले त्याच दिवशी काढून टाकावे. नवा घटक आणताना जुन्या खाद्यातला थोडा-थोडा भाग आठ-दहा दिवसांत बदलत न्यावा, कारण अंधांत्रातल्या जिवाणूंना नव्या मालाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. बदल सुरू असताना सकाळी पिंजऱ्याखाली नजर टाकावी. कोरड्या लेंड्या लहान, कमी आणि वेड्यावाकड्या दिसू लागल्या, किंवा एरवी न दिसणाऱ्या मऊ गोळ्या जाळीवर चिकटलेल्या आढळल्या, तर नवा घटक त्याच दिवशी थांबवून वाळले गवत वाढवावे.