लामांच्या देशात गामा नको

लडाखच्या रस्त्यांवर सूचनांच्या अनेक पाट्या दिसतात. त्यांतली एक सांगते की लामांच्या देशात गामा बनू नका. गामा म्हणजे पहिलवान. कोल्हापूर-साताऱ्याच्या तालमीत अंगाला माती लावलेल्या तरुणाला हा सल्ला पहिल्यांदा वाचताना खटकेल. रग दाखवायची नाही, तर मग फौजेत यायचं कशाला? पण विरळ हवेतल्या आजारापासून जवानाला कसं वाचवायचं, याचं निम्मं उत्तर त्या पाटीवरच आहे.

हवा तीच, दाब कमी

उंचावर ऑक्सिजन कमी असतो, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण डोंगरमाथ्यावरही तेच असतं, सुमारे 21 टक्के. घटतो तो हवेचा दाब. लेह आहे 11,500 फुटांवर. तिथला दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो आणि 18,000 फुटांवर तो निम्म्यावर येतो. छाती तेवढीच भरली, तरी रक्ताच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन उणाच.

आपलं कळसूबाई शिखर 5,400 फूट. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र जिथे आहे, ते बेळगाव साधारण 2,500 फुटांवर. तिथे घडलेला जवान दिल्ली किंवा चंदीगडहून सकाळच्या विमानात बसतो आणि न्याहारीच्या वेळेला लेहला उतरतो. एकावर एक दोन कळसूबाई रचल्या, तरी तो त्यांच्याही वर पोचलेला असतो. शरीराला हे कळायला काही तास लागतात आणि सावरायला कितीतरी दिवस.

सावरणं म्हणजे काय? आधी श्वास वाढतो. जास्त श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अधिक अल्कधर्मी होऊ लागतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडं जादा क्षार लघवीवाटे टाकतात आणि तो लगाम हळूहळू सैल होतो. हे काम दिवसांच्या हिशेबाने चालतं. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. दंड-बैठकांनी यातलं काहीही लवकर होत नाही.

1962 नंतरचा अभ्यास

1962च्या भारत-चीन युद्धात सखल भागातल्या पलटणी घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर चढवल्या गेल्या. पुरेसे गरम कपडे नव्हते आणि हवेची सवय व्हायला वेळही मिळाला नाही. धडधाकट जवान दोन-तीन दिवसांत धापा टाकत कोसळू लागले. छातीतल्या या आजाराला पूर्वी बरेचदा न्यूमोनिया समजलं जाई.

लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11,000 ते 18,000 फुटांवर आजारी पडलेल्या 1,925 जवानांचा अभ्यास 1969 साली प्रसिद्ध केला. विरळ हवेच्या आजारावर जगभरात आजही त्याचा दाखला दिला जातो. आपल्या जवानांनी सोसलेल्या त्रासातून तयार झालेलं हे ज्ञान आहे, आणि पुढचा प्रत्येक नियम वाचताना मला ते जवान आठवतात.

तीन टप्पे, चौदा दिवस

भारतीय लष्कराचा आजचा नियम तीन टप्प्यांचा आहे. 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 12,000 ते 15,000 फुटांवर चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालणं. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी लांब फेरी आणि हलका चढ. पुढच्या टप्प्यांतही आधी चालणं, मग चढ आणि शेवटी सामान घेऊन चढ, असाच क्रम राहतो.

कागदावर हे सोपं दिसतं. अवघड असतात ते पहिले दोन दिवस. ऊन लख्ख पडलेलं, आकाश निळंभोर, अंगात उत्साह, आणि हुकूम काय तर पडून राहा. बूट काढून खाटेवर बसलेल्या पंचविशीतल्या पोराला ही शिक्षा वाटते. तो बादली उचलायला धावतो, मित्राची ट्रंक हलवतो, व्हॉलीबॉलचं जाळं दिसलं की हात शिवशिवतात. संध्याकाळी डोकं ठणकू लागतं. पहिल्या दोन दिवसांत कोणालाही कामाला न लावणं हे ट्रान्झिट कॅम्पमधल्या अधिकाऱ्याचं सर्वांत मोठं काम आहे, असं मी मानतो.

पाणी भरपूर प्यावं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, विडी-सिगारेट सोडावी. हे सगळं खरं आहे. मात्र तीन-चार लिटर पाणी प्यायलो म्हणजे आजार टळला, हा समज चुकीचा आहे. पाण्याने शरीराचा शोष टळतो, विरळ हवेचा परिणाम टळत नाही.

डोकेदुखीपासून ‘हापो’पर्यंत

सुरुवात साधी असते. डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. विश्रांती घेतली आणि आणखी वर गेलं नाही, तर एक-दोन दिवसांत हे बहुधा ओसरतं. धोका आहे तो पुढच्या दोन रूपांचा. फौजेत त्यांना ‘हापो’ आणि ‘हाको’ म्हणतात. पहिल्यात फुप्फुसात पाणी साचतं, दुसऱ्यात मेंदूला सूज येते.

ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. त्या सगळीकडे सारख्या आवळत नाहीत, त्यामुळे काही भागांत रक्ताचा दाब फार वाढतो आणि केशवाहिन्यांमधून पाणी झिरपू लागतं. हा ‘हापो’ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान, पुष्कळदा रात्री, उघड होतो. आधी कोरडा खोकला येतो. मग सपाटीवर चार पावलं टाकताना दम लागतो, पुढे पडल्या पडल्याही. छातीत खरखर सुरू होते आणि शेवटी गुलाबीसर फेस येतो. फेस दिसेपर्यंत थांबलं तर फार उशीर झालेला असतो.

‘हाको’ ओळखायची चाचणी कोणीही घेऊ शकतो. बर्फावर सरळ रेघ ओढायची आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत तिच्यावरून चालायला लावायचं. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर वेळ दवडता कामा नये.

लक्षणं लपवण्याची सवय इथे जिवावर बेतते. डोकं दुखतंय असं सांगितलं तर सोबती काय म्हणतील, या विचाराने जवान गप्प राहतो. फौजेतली ‘बडी’ची पद्धत इथे फार मोलाची ठरते. दोघांची जोडी असते, आणि सोबत्याने जेवण अर्धवट टाकलं, रात्री तो खोकत बसला, तर एम.आय. रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याला, कळवणं हे दुसऱ्याचं काम. ही चुगली नव्हे.

रजेवरून परतणारा

सगळ्यांत फसवा धोका जुन्या माणसाला असतो. वर्षभर 15,000 फुटांवर राहिलेला जवान गावी येतो. घराची डागडुजी होते, गणपती होतात, शेतातली कामं उरकतात. तेवढ्यात कमावलेली सवय शरीर विसरू लागतं. परत जाताना तो म्हणतो, मला काय नवीन आहे? खालून वर परतलेल्या अशा माणसांना ‘हापो’ झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणूनच नियम त्यांनाही सोडत नाही. दहा दिवसांहून जास्त खाली राहिलं की पुन्हा सवय करून घ्यायची आणि चार आठवड्यांहून जास्त राहिलं तर सगळं पहिल्यापासून. घरी एखादा फौजी असेल तर रजा संपताना त्याला याची आठवण जरूर करून द्या.

गोळीची मर्यादा

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्सची गोळी, मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम लवकर घडवून आणते. घाईने वर जावंच लागलं तर डॉक्टर ती आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. ती सवयीला मदत करते, सवयीची जागा घेत नाही.

पोस्टवरची रात्र

आजार बळावला तर खरा उपचार एकच, खाली उतरवणं. सियाचीनच्या पोस्टवरून हे काम चीता हेलिकॉप्टर करतं. पण बर्फाचं वादळ असेल तर ते येऊ शकत नाही. अशा वेळी ऑक्सिजन, औषधं आणि हवेच्या दाबाची पिशवी कामी येते. माणूस आत झोपेल एवढी ती लांब असते. चेन बंद करून पायपंपाने हवा भरली की आतला दाब वाढतो आणि रुग्ण जणू पाच-सहा हजार फूट खाली उतरतो. मात्र आतली हवा ताजी राहायला हवी, म्हणून पंप थांबवून चालत नाही. 18,000 फुटांवर पंप मारणाऱ्यालाही धाप लागते. मग सोबती पाळ्या लावतात, पिशवीच्या खिडकीतून आतल्याचा चेहरा बघत राहतात आणि उजाडेपर्यंत आळीपाळीने पंप मारतात.