तोंडी परीक्षेचा काटा



गेल्या पालकसभेत एका पालकांनी विचारलेला प्रश्न आमच्या मनातून जात नाही. त्यांची जुळी मुले दोन वेगळ्या तुकड्यांत आहेत. घरी दोघे सारखेच बोलतात, मुलगी तर काकणभर जास्तच. मराठीच्या तोंडी परीक्षेत मात्र मुलाला २० पैकी १७ गुण आणि मुलीला १२. "मुलगी कमी पडली, की तिच्या बाई कडक आहेत?" सभेत हशा पिकला. पण आम्हा भाषाशिक्षकांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

लेखी उत्तरपत्रिका हातात राहते, शंका आली तर पुन्हा काढून पाहता येते. तोंडी उत्तर हवेत विरून जाते. खरे तर लेखीतही सगळे आलबेल नसते. इंग्लंडात हार्टोग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांकडे वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा तपासायला दिल्या होत्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला. कागद समोर असताना ही गत, मग चार मिनिटांच्या बोलण्याचे काय?

सभेनंतर आम्ही एक गोष्ट केली. पालकांची संमती घेऊन काही मुलांचे बोलणे मोबाईलवर मुद्रित केले, आणि एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने स्वतंत्र गुण दिले. खूप हुशार आणि खूप कच्च्या मुलांबाबत फारसा फरक पडला नाही. खटका उडाला तो एका मधल्या मुलावर. त्याचे घर मूळचे बेळगावकडचे. तो 'करूलालाय' म्हणतो, आणि 'चाक' मधला च 'चार' मधल्या च सारखा उच्चारतो. कन्नडमध्ये च एकच असल्याने आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचे असे होते. एका सरांनी दर वेळी गुण कापले. दुसऱ्या बाईंचे म्हणणे असे, की अमरगोळच्या बाजारातला लिलाव त्याने न अडखळता, क्रमाने आणि रंगवून सांगितला. उच्चारासाठी त्याला शिक्षा कशाला?

वाद बराच रंगला. शेवटी लक्षात आले, की सर कडक आणि बाई सढळ असा हा मामला नाही. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. तोंडी परीक्षा प्रमाण भाषेची की बोलून आशय पोचवण्याची, हे आपण कधी ठरवलेच नव्हते.

परकीय भाषा शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या आधी हाताळला आहे. युरोपच्या २००१ च्या सामाईक भाषा-चौकटीत बोलण्याची पाच अंगे वेगळी काढली आहेत : शब्दांचा आवाका, अचूकपणा, ओघ, संवाद आणि सुसंगती. फ्रेंचच्या 'देल्फ' परीक्षा याच चौकटीच्या पायऱ्यांवर आधारलेल्या आहेत. तिथे १०० पैकी २५ गुण बोलण्याला असतात, आणि परीक्षकांना आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. एकदम 'बरा बोलला, १४' असे म्हणण्यापेक्षा एकेका अंगाचे गुण वेगळे दिले, की निदान मतभेद कुठे आहे ते तरी कळते.

बाजार समितीच्या आवारात मिरचीची पोती तोलताना पाहा. काटा दर वेळी बरोबर पाव किलो कमी दाखवत असेल तर हिशेबात तो फरक भरून काढता येतो. सकाळी एक आणि दुपारी दुसरेच दाखवणारा काटा मात्र निकामी. परीक्षकाचेही तसेच. नेहमी कडक असणाऱ्या शिक्षकांचे गुण दुसऱ्या तुकडीशी जुळवून घेता येतात. पण एका चुणचुणीत मुलीनंतर आलेला साधा मुलगा उगाच कच्चा वाटणे, वर्गातल्या खोडकराला आधीच्या मतावरून कमी गुण पडणे, तिसाव्या मुलापर्यंत कान थकणे, यांचा हिशेब लागत नाही. (आमच्यापैकी एकाने कबूल केले, की जेवणानंतर त्याचा हात सैल होतो!)

यावर 'सगळ्यांनाच १९ द्या' हा सोपा उपाय सुचेल. त्यातही एकवाक्यता आहेच की! महाराष्ट्रात शाळा तोंडीचे गुण सढळ हाताने देतात, असा आक्षेप होता. दहावीच्या २०१९ च्या परीक्षेला भाषांचे हे २० गुण काढून टाकले गेले. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि पुढच्या वर्षापासून अंतर्गत गुण परत आणावे लागले. आपल्याकडे कर्नाटकात दहावीच्या प्रथम भाषेच्या १२५ पैकी २५ गुण शाळेच्याच हाती आहेत. ते खिरापतीसारखे वाटले, तर खरोखर मेहनत घेणाऱ्या मुलाचे बोलणे आणि गप्प बसणाऱ्याचे मौन एकाच भावाने विकले जाईल.

तेव्हा आम्ही असे ठरवले आहे. परीक्षेपूर्वी सर्व भाषाशिक्षक दोन-तीन नमुने एकत्र ऐकून गुण जुळवतील. प्रत्येक अंगाला ४ याप्रमाणे गुण दिले जातील. घरच्या बोलीचा शब्द वा उच्चार आशय समजण्याच्या आड येत नसेल तर त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत. यावर आमच्यातल्या एका सरांचे समाधान अजून झालेले नाही, हेही सांगायला हवे. प्रत्येक तुकडीतील काही मुलांचे मुद्रण दुसऱ्या तुकडीचे शिक्षक ऐकतील, आणि ३ हून अधिक गुणांचा फरक आला तर दोघे मिळून पुन्हा ऐकतील. ४० मुलांच्या वर्गाला चार मिनिटांप्रमाणे १६० मिनिटे लागतात. त्या दिवशी इतर तास सांभाळायला माणूस हवा, एवढी विश्वस्त मंडळाला विनंती.

जुळ्या भावंडांची परीक्षा आम्ही पुन्हा घेतली, या वेळी दोन्ही शिक्षकांसमोर. मुलीला १६ मिळाले, मुलाला १५. मुद्रणे वार्षिक निकालानंतर पुसली जातील. त्याआधी आपल्या पाल्याचे ऐकायचे असल्यास पालकांनी वर्गशिक्षकांना भेटावे.