कंबरदुखी आणि ‘टेन्स’चं यंत्र : घेण्यापूर्वी एवढं पाहा

मैत्रिणींनो, कंबरदुखीला आपल्या घरात आजार म्हणून कधी मान मिळालाच नाही. ‘बायकांची कंबर दुखायचीच’ असं म्हणत आपण बाम चोळतो, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतो आणि पुन्हा ओट्याशी उभ्या राहतो. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर पाठीला विसावा कुठला? पारनेर-श्रीगोंद्याकडे दिवसभर वाकून कांदा लावायचा, पाथर्डी-शेवगावच्या बायांनी ऊसतोडीला जाऊन मोळ्या वाहायच्या, शहरात धुणं, केर, शिवणयंत्र आणि वह्यांचे गठ्ठे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२० साली जगात जवळजवळ ६२ कोटी माणसं कंबरदुखीनं बेजार होती. तेव्हा हे काही नाजूकपणाचं दुखणं नव्हे.

अलीकडे औषधांच्या दुकानात आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत ‘टेन्स’ नावाचं छोटं यंत्र दिसतं. किंमत हजार-दीड हजारापासून पुढे काही हजारांपर्यंत. घरखर्चातून एवढी रक्कम बाजूला काढायची, तर आधी नीट चौकशी नको का करायला?

टेन्स म्हणजे कातडीवरून मज्जातंतूंना दिलेली विजेची सौम्य चेतना. पाठीला चिकट पट्ट्या लावायच्या, वायरी यंत्राला जोडायच्या आणि मुंग्या आल्यासारखं वाटेल इतपतच जोर ठेवायचा. कोपर आपटलं की आपण पटकन चोळतो आणि बरं वाटतं, तसाच हा प्रकार. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं, की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं. स्पर्शाच्या संवेदनांची दारात गर्दी झाली की वेदनेला आत शिरायला वाव कमी मिळतो.

पण खरा प्रश्न, गुण येतो का? २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र चालू असताना आणि त्यानंतर लगेच वेदना कमी होते असं दिसलं. मात्र जुन्या कंबरदुखीसाठी टेन्स नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं. त्याआधी २०१६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यविषयक संस्थेनंही हाच सल्ला दिला होता. याचा अर्थ सरळ आहे : हे यंत्र दुखणं बरं करत नाही, घटकाभर उतार देतं. त्या उतारात तुम्ही चाललात, व्यायाम केलात, तर पैसे थोडेफार कारणी लागतील.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी शिवणाचे पैसे साठवून यंत्र घेतलं. कंबर हलकी झाली म्हणून त्या खूश होत्या, आणि डाव्या पायाला येणाऱ्या मुंग्या त्यांनी चार महिने कुणाला सांगितल्याच नाहीत. पुढे तपासणीत मणक्याच्या गादीचा शिरेवर दाब आल्याचं निघालं. यंत्र खोटं नव्हतं, त्याच्यावर टाकलेला भरवसा मात्र जास्त होता.

म्हणून आधी डॉक्टर, मग दुकान. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, विनाकारण वजन घटणं किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तरी तपासणी लांबवू नका. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी हे यंत्र लावू नये. फिट येणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेहानं कातडीची संवेदना गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गळ्यावर, डोळ्यांवर, जखमेवर पट्ट्या कधीच नकोत.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तर विकत घेण्यापूर्वी वापरून पाहा. लोणीला प्रवरानगरच्या वैद्यकीय संस्थेत आणि विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनमध्ये फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. तिथे किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे विचारा. चार-सहा वेळा लावूनही फरक पडला नाही, तर पैसे वाचले म्हणायचे!

घ्यायचंच ठरलं तर हे पाहून घ्या :

१. दोन वाहिन्या, म्हणजे चार पट्ट्या असाव्यात, आणि दोन्हींचा जोर वेगवेगळा कमी-जास्त करता यावा.

२. ठोक्यांची गती सेकंदाला साधारण २ पासून १०० पर्यंत बदलता यावी. ठोक्याची रुंदीही बदलता आली तर उत्तम.

३. ठरावीक वेळेनं आपोआप बंद होण्याची सोय हवी. बॅटरीवर चालणारं घ्या, वीज गेली तरी अडत नाही.

४. पट्ट्या झिजतात. त्या गावात सुट्या मिळतात का, कितीला मिळतात, हे आधी विचारा. खरा खर्च तिथेच असतो.

५. नुसतं थरथरणारं मालिशयंत्र किंवा स्नायू आकसवणारं यंत्र ‘टेन्स’ म्हणून गळ्यात मारलं जातं. खोक्यावरचा मजकूर वाचा, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता पाहा, पक्की पावती आणि हमीपत्र घ्या.

वापरताना कातडी साबणानं धुऊन कोरडी करा, तेल किंवा बाम नको. पट्ट्या कण्यावर नव्हे, दुखऱ्या जागी कण्याच्या दोन्ही बाजूंना लावा. त्या एकमेकींना टेकू देऊ नका. यंत्र बंद असतानाच पट्ट्या लावा आणि काढा. झोपेत, आंघोळीत, गाडी चालवताना वापरू नका. काम झालं की पट्ट्या त्यांच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवून ठेवा, जास्त दिवस टिकतील.

आणि मैत्रिणींनो, एक यंत्र घरात येण्यापूर्वी घरच्यांना कळशी उचलायला लावा, ओट्याची उंची नीट करून घ्या, रोज अर्धा तास चाला. ‘माझी कंबर दुखते’ हे मोठ्यानं सांगायला तर पैसाही लागत नाही.