कापूस एकच, गहू मात्र अनेक!

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात शेतकऱ्याला "कापूस किती आणला?" असे विचारतात. "किती कापूस आणले?" असे कोणीच विचारत नाही. बोंडे मोजता येतात, गाठी मोजता येतात (आपल्याकडे एक गाठ १७० किलोची), पण कापसाचे अनेकवचन आपण करीत नाही. इंग्रजीतही तसेच. बोंड म्हणजे 'बोल' आणि गाठ म्हणजे 'बेल'. या नामांच्या आधी 'अ' येतो, अनेकवचनात शेवटी 'एस' लागतो. 'कॉटन'ला एरवी दोन्ही चालत नाहीत. इंग्रजी नामांचे असे दोन गट आहेत : मोजता येणारी नामे आणि न येणारी. डेन्मार्कचे व्याकरणकार ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी त्यांचा बारकाईने विचार केला होता.

आता धान्याकडे वळू. घरात "गहू निवडले, तांदूळ धुतले" असे म्हणतात. दोन्ही अनेकवचनी! इंग्रजीत मात्र 'व्हीट' आणि 'राइस' एकवचनी. मग मराठी माणूस दाणे मोजतो की काय? तसेही नाही, कारण ज्वारी "निवडली" जाते, आणि तिचे दाणे तांदळापेक्षा कमी सुटे नसतात. इंग्रजीही काही कमी लहरी नाही. गव्हाला एकवचन देणारी ही भाषा ओट या धान्याला 'ओट्स' म्हणते! म्हणजे मोजता येणे हा गुण दाण्याचा नव्हे, नामाचा.

वहीवर लाल शाईच्या खुणा उमटतात त्या बऱ्याचदा इथेच. आपले केस, पैसे, बातम्या अनेकवचनी. 'हेअर', 'मनी' एकवचनी, आणि 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही एकवचनी. उलट आपली एक कात्री इंग्रजीत 'सिझर्स' होते. शब्दाचा अर्थ पाठ केला तरी त्याचे वचन वेगळे शिकावे लागते ते यामुळेच.

खुद्द इंग्रजांचीही अशी फसगत झाली आहे. पूर्वी वाटाण्याला 'पीज' म्हणत, आणि ते एकवचन होते. शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटल्याने लोकांनी तो काढून टाकला, आणि सतराव्या शतकात 'पी' हा नवा शब्द रूढ झाला.

आणि 'कॉटन'? शास्त्रीय लेखांत 'कॉटन्स' दिसले तर दचकू नका. लागवडीखालील कापसाच्या चार प्रजाती आहेत, दोन जुन्या जगातल्या व दोन अमेरिकेतल्या. तिथे कापूस नव्हे, कापसाचे प्रकार मोजलेले असतात. हॉटेलात आपण "दोन चहा" मागवतो तेव्हा कप मोजतो, तसेच.