‘पामेरियन’ : नाव, स्वभाव आणि संगोपन

पांढऱ्या केसांच्या, टोकदार मुस्कटाच्या आणि झुबकेदार शेपटीच्या लहान कुत्र्यास महाराष्ट्रात सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात. मूळ शब्द ‘पॉमेरेनियन’. उच्चारसौकर्यासाठी त्यातील मधले अक्षर गळाले आहे. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रदेश असून आज तो पोलंड व जर्मनी या देशांत विभागलेला आहे. या कुत्र्यांच्या कुळाचे ‘स्पिट्झ’ हे नाव मात्र टोकदारपणाचा बोध करणाऱ्या जर्मन शब्दावरून आले. म्हणजे एक नाव स्थळवाचक, तर दुसरे रूपवाचक आहे. आपल्याकडे यांपैकी स्थळवाचक नाव रूढ झाले, आणि त्याचे परिणाम केवळ कोशापुरते राहिले नाहीत.

एकाच नावाखाली येथे दोन भिन्न प्राणी वावरतात. खरा पॉमेरेनियन हा सुमारे दीड ते सव्वातीन किलो वजनाचा अतिलहान कुत्रा होय. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून असे कुत्रे इंग्लंडात नेले. पुढे निवडक पैदाशीने त्यांचा आकार आणखी घटला. आपल्या घरांत आढळणारा बहुधा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो. त्याचा लहान प्रकार साधारण पाच ते सात किलोंचा, तर मोठा बारा ते वीस किलोंचा असतो. इंग्रजी अमदानीत आलेल्या जर्मन स्पिट्झपासून ही जात येथील हवामानात पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीमुळे ती घरोघरी परिचित झाली.

‘पामेरियन’ म्हणजे थंड मुलखातले जनावर, अशी समजूत त्या नावातून सहजच होते. मग संग्रामपूरसारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर चढतो, धनी चैत्र लागताच कुत्र्याचे केस मुळापासून भादरून टाकतो. हेतू दयेचा, पण परिणाम उलट. स्पिट्झचे आवरण दुहेरी असते : आत मऊ दाट लव आणि वर लांब राठ केस. हे वरचे केस कातडीचे प्रखर उन्हापासून रक्षण करतात. भादरलेले केस कधीकधी विरळ व ठिगळासारखे उगवतात, तर कधी दीर्घकाळ उगवतच नाहीत. भादरण्याऐवजी नित्य विंचरून गळालेली लव काढावी. म्हणजे कातडीशी हवा खेळती राहते.

अर्थात, येथेच वाढलेल्या स्पिट्झला ऊन बाधत नाही असे मुळीच नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. शरीराची उष्णता तो मुख्यतः धापा टाकून घालवितो. म्हणून फिरावयास पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, जमीन निवल्यावरच न्यावे. दुपारी सावली आणि ताजे पाणी हवे. खारपाणपट्ट्यात घरची माणसे जे गोडे पाणी पितात, तेच त्यालाही द्यावे. अखंड धाप, दाट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; ते ४१ च्या वर गेल्यास जीव धोक्यात येतो. अशा वेळी सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

स्वभावाने हा कुत्रा सावध, बुद्धिमान आणि माणसांस चिकटून राहणारा आहे. दाराशी पाऊल वाजताच तो भुंकतो. हा त्याचा दोष नसून जातिधर्म आहे. ज्या वाकड्या शेपटीवर आपल्या म्हणीने ठपका ठेवला, ती पाठीवर वळलेली शेपटी तर या कुळाची खूणच होय. भुंकणे शिक्षेने थांबत नाही. थांबल्याबरोबर शाबासकी दिल्याने ते आवरते. घरात एकाने ‘बस’, दुसऱ्याने ‘बैठ’ आणि तिसऱ्याने ‘सिट’ म्हटले, तर कुत्रा गोंधळतो. एका क्रियेस एकच शब्द सर्वांनी वापरावा. शब्दाबरोबर स्वरही महत्त्वाचा. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०१६ साली १३ कुत्र्यांच्या मेंदूंची प्रतिमाचित्रे घेतली. स्तुतीचा शब्द आणि स्तुतीचा स्वर एकत्र आले, तेव्हाच मेंदूतील सुखकेंद्र अधिक उद्दीपित झाल्याचे त्यांना आढळले.

उरलेली काळजी थोडक्यात सांगता येईल. लहान जातींचे दात लवकर खराब होतात व पडतात. ते नियमित घासावेत. श्वासनलिका नाजूक असल्याने गळ्याऐवजी छातीला पट्टा बांधावा. दाट केसांत दडलेले गोचीड रोज शोधून काढावेत. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कधीही देऊ नये. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्यालगतच्या गावांत बिबट्याचे भय असते. तेथे रात्री कुत्र्यास अंगणात बांधून ठेवू नये, घरात घ्यावे.

रूढ झालेले नाव आता बदलणार नाही, आणि बदलण्याचे कारणही नाही. मात्र नावावरून प्राण्याची प्रकृती ठरवू नये. केसांना कात्री लावण्यापूर्वी आपल्या दारातील कुत्रा कोणत्या जातीचा आहे, किती वजनाचा आहे आणि कोठे वाढला आहे, हे प्रत्यक्ष पाहणे अगत्याचे आहे.