टॅब घ्यायचा, पण किती इंची?

दुकानदार टॅबचे इंच सांगतो आणि गफलत तिथंच होते. हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. आठ आणि अकरा यांत फरक तीनच इंचांचा वाटतो. पण पडद्याची ठेवण सारखी असेल तर अकरा इंचीचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट भरतं.

याचा परिणाम कळतो तो पीडीएफ उघडल्यावर. मुलांच्या नोट्स, प्रश्नपत्रिका, सरकारी परिपत्रकं, सगळं ए-फोर कागदाच्या मापाचं. ते अख्खं पान आठ इंची पडद्यावर आणलं की १२ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटांच्याही खाली जातं. अकरा इंचीवर साडेआठ-नऊपर्यंत राहतं. इंग्रजीत एवढ्यावर निभावतं, आपल्या दोन्ही भाषांत निभावत नाही. मराठीत डोक्यावर अनुस्वार आणि रफार, पायाशी उकार. कन्नडमध्ये ओत्तक्षर खाली चिकटलेलं. ते पुसट झालं की शब्दच दुसरा होतो. मग बोटांनी पान मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. अभ्यास राहतो बाजूला!

लहान टॅबची बाजूही खोटी नाही. २०१० सालचा पहिला आयपॅड ६८० ग्रॅमचा होता. २०१२ मध्ये आलेला मिनी ३०८ ग्रॅमचा. आजही अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपासच असतो, वर कीबोर्डचं कव्हर वेगळं. रोज धारवाडला बसनं जाणाऱ्याला एका हातात दांडी नि दुसऱ्या हातात टॅब धरायचा असेल, तर आठ इंचीच बरा. बातम्या, ई-पुस्तकं यांत अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप जुळतात. तिथं लहान पडदा अडत नाही. मात्र मोबाईलच आता साडेसहा इंचांचे झालेत, तेव्हा त्याच कामासाठी आणखी पैसे घालावेत का, हे ज्याचं त्यानं पाहावं.

घरात एकच टॅब, त्यावर नातीचा कन्नडचा अभ्यास आणि आजोबांचा मराठी पेपर, असं असेल तर मी अकरा इंचीच सुचवतो. पडदा दुभागून एकीकडे धडा, दुसरीकडे शब्दकोश ठेवता येतो. टंकलेखन करायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिकून घ्यावं. त्यात मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ एकाच कळीवर आहेत, बोटांना दोनदा शिकवावं लागत नाही.

दुकानात जाताना मुलीच्या पुस्तकातलं एक पान पीडीएफ करून मोबाईलमध्ये न्या आणि तिथल्या टॅबवर उघडायला लावा. आजोबांनाही सोबत घ्या, चष्म्यासकट.