डिस्क तिकडे उघडेल ना?

मंडळी, भारतात जायच्या बॅगेत हल्ली चॉकलेटांबरोबर एखादी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह हमखास असतो. नातवाच्या मुंजीचं चित्रण आजी-आजोबांनी टीव्हीवर पाहावं, एवढीच आपली इच्छा. पण इथे मुलांचा मॅक, तिकडे विंडोज, आणि तिथेच घोळ होतो.

डिस्कवर फाइली कशा मांडायच्या याची एक पद्धत असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. मोडीतला कागद मोडी येणाऱ्यालाच वाचता येतो, तसंच हे. ॲपलने २०१७ साली मॅकवर आणलेली एपीएफएस विंडोजला वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय वाचता येत नाही. पण 'मला वाचता येत नाही' असं सरळ न सांगता विंडोज बहुधा म्हणतं, 'डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा.' तिकडचे काका भाबडेपणाने 'हो' म्हणतात आणि मुंज पुसली जाते! डिस्क बिघडलेली नसते हो, फक्त परकी असते. तेव्हा जाण्यापूर्वी फोनवर बजावून ठेवा: असा निरोप आला तर 'नाही' म्हणायचं आणि डिस्क काढून ठेवायची.

विंडोजची एनटीएफएस मॅकला वाचता येते, पण जोडीला काही घेतल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. जुनी फॅट ३२ जवळजवळ कुठेही चालते. मात्र तिच्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ५ जीबीचं चित्रण जात नाही, ते यामुळे.

आमच्या मते घरोघरी सोयीची ती एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेली ही पद्धत मॅकला २०१० पासून येते, आणि २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यातही आहे. मोठी फाइल चालते, दोन्हीकडे लिहिता-वाचता येतं. खोड एकच. चाललेल्या कामाची नोंदवही ती ठेवत नाही, म्हणून 'इजेक्ट' न करता डिस्क उपटलीत तर फाइली बिघडू शकतात. घाईच्या माणसांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं जातं, म्हणून ते डिस्क रिकामी असतानाच करा, आणि मूळ चित्रणाची एक प्रत इथे घरी राहू द्या. राहता राहिला आजोबांचा टीव्ही. काही जुन्या टीव्हींना एक्सफॅट कळत नाही. त्यांच्यासाठी फॅट ३२ चा एक छोटा पेनड्राइव्ह वेगळा न्या, चित्रणाचे ४ जीबीच्या आतले तुकडे करून.